राजेश्वरीची भीती आणि बुद्धिबळाचा पट

राजेश्वरी वडूजकडची. तिकडं सगळा माळ. कुणी पाहुणा येत असला तर तो दारात पोचायच्या कितीतरी आधी दिसतो, आणि तोवर चहाचं आधण उकळूनही होतं. लग्न होऊन ती मलकापूरच्या पुढं आमच्या वस्तीवर आली तेव्हा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला होता. वाटेच्या दोन्ही अंगांना हिरवी भिंत आणि आत सतत काहीतरी सळसळत असायचं. पहिले सहा महिने ती एकटी विहिरीवरही गेली नाही. तिचा नवरा जयराज फौजेत हवालदार. रजा संपवून तो गेला, की घरात ती आणि सासू धोंडुबाई, आणि पुढं लेक अंकिता. मी शेजारीच, मधल्या उसाच्या तुकड्यापलीकडं राहते, म्हणून हे सगळं मला माहीत आहे.

तिची भीती नुसती उसाची नव्हती. फोन वाजला तरी तिला धस्स व्हायचं, आणि नाही वाजला तर त्याहून जास्त. अंकिता दीड वर्षाची असताना टीव्हीवर सीमेवरच्या गोळीबाराची बातमी सुरू होती आणि जयराजचा फोन लागत नव्हता. राजेश्वरीनं पोरीला काखेत घेतलं, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि अनवाणी चालायला लागली. धोंडुबाई आतल्या खोलीत झोपलेल्या होत्या. गॅसवर दूध होतं. घरात धूर भरला तेव्हा त्यांच्या हाका ऐकून शेजारच्या आप्पासोंनी कुलूप फोडलं. राजेश्वरी डांबरी रस्त्याला लागलेली सापडली. कुठं निघाली होतीस, असं विचारलं तर तिला सांगता येईना.

म्हातारी वाचली. जयराजचाही दुसऱ्या दिवशी फोन आला. त्याच्या तुकडीला हलवलं होतं, एवढंच झालं होतं. पण त्या दिवसापासून राजेश्वरीला स्वतःच्या डोक्याची भीती वाटायला लागली. ती मला म्हणाली होती की त्या वेळी कुलूप लावणारा हात आपलाच होता, हे तिला आठवतच नाही.

पुढच्या रजेत जयराजनं ट्रंकेतून बुद्धिबळाचा पट काढला. बराकीत वेळ जावा म्हणून तो खेळायला शिकला होता. बायकोला रागावावं की समजवावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं तिला समोर बसवलं. धोंडुबाईंना ते थेर वाटले. भर दुपारी नवरा-बायको सोंगट्या हलवत बसलेत, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्या चारचौघींत बोलल्याही.

राजेश्वरी जशी जगायची तशीच खेळायची. जयराजचं एखादं प्यादं पुढं सरकलं, की ती आपला वजीर मागं घ्यायची, हत्ती जवळ ओढायची, सगळी फौज राजाभोवती गोळा करायची. एकदा त्यानं नुसत्या घोड्यानं शह दिला आणि डाव संपला. तिला खरं वाटेना. एवढी माणसं भोवती असताना राजा मेला कसा?

जयराजनं बोट ठेवून एकेक घर दाखवलं. "ही सगळी तुझीच माणसं. भिऊन तू त्याला असं कोंडलंस, की त्याला हलाय जागाच ऱ्हायली न्हाई. मी फक्त घोडा आणला."

मग त्यानं तिला एक सवय लावली. समोरच्यानं चाल केली की हात मांडीखाली दाबून ठेवायचे. आधी विचारायचं, यानं हे का केलं? आता तो काय करू शकतो? आणि तिसरं, ते सगळ्यात महत्त्वाचं, असं तो म्हणायचा. तो काय करू शकत न्हाई?

हा तिसरा प्रश्न राजेश्वरीनं आयुष्यात कधी स्वतःला विचारला नव्हता. काय काय होऊ शकतं, याची यादी तिच्या डोक्यात रात्रंदिवस चालायची. काय होऊ शकत नाही, तिकडं ती वळलीच नव्हती. हत्ती तिरका जात नाही. उंट आपला रंग सोडत नाही. प्यादं मागं येत नाही. पटावर का होईना, भीतीला कुठंतरी कड आहे हे तिनं पहिल्यांदा पाहिलं.

जयराज ड्यूटीवर गेल्यावर दोघांचा डाव फोनवर सुरू झाला. तो एक चाल कळवायचा, ती इकडं पट मांडून बसायची आणि उत्तर पाठवायची. यात सुख होतं तसा नवा घोरही होता, कारण चाल आली नाही की पट तसाच राहायचा आणि घरात जाता-येता तो अडलेला डाव दिसायचा. एकदा बरेच दिवस काही आलं नाही. राजेश्वरी घडोघडी फोन उचलून बघायची. पण या खेपेला ती पटासमोर हात मांडीखाली घेऊन बसली. फोन का येत नसेल? रेंज नसेल. तुकडी हलली असेल. फोन बिघडला असेल. आणि ते चौथं कारणही असेल. ते तिनं नाकारलं नाही. पण चारातलं एकच खरं धरून धावत सुटायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. त्या दिवसांत ती रडली, तरी गॅस आठवणीनं बंद केला, आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, "ताई, मला एकटीला बसवत न्हाई. जरा येता का?"

मी जाऊन बसले. नवव्या की दहाव्या दिवशी फोनवर उंटाची चाल आली.

अंकिता मोठी झाली तशी आईजवळ बसून शिकली. मग माझी सोनिया यायला लागली, आप्पासोंची लहानगी नात दीपमाला आली. दर रविवारी राजेश्वरीच्या पडवीत तिघी-चौघी पोरी बसायच्या. माझी सोनिया भारी उतावळी. गणितातला प्रश्न अर्धा वाचूनच उत्तर लिहायची. राजेश्वरीनं तिला कधी अभ्यासाचं काही सांगितलं नाही. ती फक्त म्हणायची, चाल सुचली का? छान. आता त्याहून चांगली हुडक. वर्षभरात सोनिया पेपर पूर्ण वाचायला लागली, आणि भांडणातही आधी गप्प राहून ऐकायला लागली. हे खेळानं झालं की वयानं, मला सांगता येणार नाही. पण मी पोरीला पाठवत राहिले.

गेल्या वर्षी उसाची तोड सुरू झाली आणि बिबट्याचा बोभाटा उठला. फड तुटत गेला की त्याची लपायची जागा जाते आणि तो वस्तीजवळ सरकतो. आप्पासोंचं कुत्रं गेलं. मग पलीकडच्या वस्तीवरचं रेडकू गेलं. सांजेनंतर कुणी बाहेर पडेना. त्यातच कराडला शाळकरी पोरींच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा होत्या. राजेश्वरी नको म्हणत होती. पोरी हट्टाला पेटल्या, आणि उन्हं असतानाच परतायचं या बोलीवर ती तिघींना घेऊन गेली.

बक्षीस समारंभ लांबला. वडापच्या जीपनं त्यांना फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. फाट्यापासून वस्तीपर्यंत मातीची वाट. डावीकडं ऊस उभा, उजवीकडं निम्मा फड तुटून नुसतं वाळल्या पानांचं पाचट पडलेलं. वाट वळते तिथून आमची घरं दिसतात. वळणावर आल्या तेव्हा धोंडुबाई दारात उभ्या असलेल्या दिसल्या, इतक्या जवळ.

पाचटात काहीतरी हललं. दीपमाला म्हणाली, "मांजराचं पिल्लू!" आणि दोन पावलं पुढं गेली.

राजेश्वरीनं तिची वेणीच धरली. ते पिल्लू मांजराचं नव्हतं. अंगावर ठिपके होते आणि पाय त्याच्या मानानं जाड होते. ते वाटेच्या उजव्या अंगाला, त्यांच्यापुढं दहा-बारा पावलांवर बसून बारीक आवाजात कण्हत होतं. आणि डाव्या अंगाला, उभ्या उसात, सळसळ थांबली.

तिनं मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिचे कान बंद झाले. पळायचं, एवढंच अंगातून उठत होतं. समोर घर होतं. सोनियानं तिचा हात सोडवायला झटका दिला, कारण तिलाही घरच दिसत होतं.

पण राजेश्वरीच्या मनात ते तीन प्रश्न आपसूक आले. आई इथंच आहे, उसात. तिला काय हवंय? आपण नकोय, पिल्लू हवंय. ती काय करू शकते? एका उडीत वाट ओलांडू शकते. काय करू शकत नाही? आपण तिच्या नि पिल्लाच्या मधे असलो, तर ती गप्प बसू शकत नाही. आणि घराकडची वाट बरोब्बर त्या दोघांच्या मधून जात होती.

"घराकडं न्हाई," ती हळू म्हणाली. "मागं. माझ्याकडं तोंड ठेवून. पळायचं न्हाई कुणी."

तिनं दीपमालाला कडेवर उचललं, बाकी दोघींना पाठीशी घेतलं आणि फाट्याकडं एकेक पाऊल मागं टाकायला सुरुवात केली. सोनिया सांगते, काकूंचा आवाज रोजच्यासारखाच होता. धोंडुबाईंनी लांबून हाक मारली, घरी न येता ह्या मागं का चालल्यात म्हणून. राजेश्वरी मागं सरकत राहिली.

तेवढ्यात बिबट्याची मादी उसातून बाहेर आली. वाटेच्या मधोमध थांबली. मान खाली, कान मागं, आणि घशातून एक खरखर, जी पोटात ऐकू येते. ती बघत राहिली. राजेश्वरीही उभी राहिली, कारण आता हललं तर काय होईल हे तिला कळेना. किती वेळ गेला हे चौघींपैकी कुणालाच सांगता येत नाही. मग पिल्लू पुन्हा कण्हलं. मादीनं तोंड वळवलं, पाचटात उतरली, त्याला मानगुटीला धरलं आणि पलीकडच्या फडात गेली.

फाट्यावर एक गोठा आहे. त्यात शिरून राजेश्वरीनं दार ओढलं आणि आप्पासोंना फोन लावला. ते ट्रॅक्टर घेऊन आले. पोरी घरी पोचल्यावर रडल्या. राजेश्वरी मात्र आप्पासोंच्या ट्रॅक्टरवरून उतरली ती तिथंच मातीत बसली. रात्री तिला ताप भरला. झोपेत ती दीपमालाला हाका मारत होती.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं येऊन ठसे बघून गेली, कॅमेरा लावून गेली. मादी पुन्हा दिसली नाही. पण गेली असंही कुणी म्हणू शकलं नाही.

जयराजला तिनं तीन दिवसांनी सांगितलं. त्यानं ते सगळं तिच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं. मग तो म्हणाला, "मी हितं बसून काय करू? मला काय सुचंना झालंय."

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ती त्याला म्हणाली, "आवं, पोरी घरात हायत. मी पण घरातच हाय. तुमी आधी जेवून घ्या, मग सावकाश बोलू."

लोकांना वाटतं, तिची भीती गेली. आप्पासो तर चारचौघांत तिला वाघीण म्हणतात, आणि ती ओशाळून आत जाते. भीती गेलेली नाही. फोन वाजला की अजून तिच्या हातातलं भांडं निसटतं. पण ती आता भीतीपासून पळत नाही आणि तिच्या मागंही पळत नाही. ती तिला समोर बसवून विचारते, तुला नक्की काय करता येतं?

ऊस पुन्हा खांद्याएवढा झालाय. रविवारी पडवीतला डाव संपला की ती पोरींना आपापल्या दारात सोडायला निघते. हातात काठी असते. काठीवर तिचा फारसा भरवसा नाही. म्हणून ती वाटभर मुद्दाम मोठ्यानं बोलत जाते, आणि पोरींनाही बोलायला लावते. परवा सोनियाला सोडून ती एकटीच परतली, तेव्हा ऊस ओलांडून पार तिच्या दारापर्यंत तिचा आवाज मला ऐकू येत होता. ती कुणाशी बोलत होती कुणास ठाऊक. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी अंगणातच उभी होते.