बुऱ्हाणपूर दिसतंय

बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या केळी उत्पादकांच्या पतसंस्थेत कोकिळाताई कॉम्प्युटर सांभाळायच्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्या व्याज काढायच्या टेबलावर होत्या. संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याला हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून त्या शिकल्या. पुढे बिघाड झाला की सगळे त्यांच्याकडेच बघायचे.

ही गोष्ट विलीनीकरणाच्या वर्षातली, २००७ च्या सुमाराची. खंडव्याच्या मोठ्या संस्थेनं आसपासच्या लहान संस्था आपल्यात घेतल्या होत्या. सगळ्या शाखांचे कॉम्प्युटर खंडव्याच्या मशीनला जोडायचे, जोडणी झाली की लोधीपुऱ्याची शाखा बंद करायची, असं ठरलं होतं. जोडायचं काम अर्थातच कोकिळाताईंकडे आलं.

खंडव्याहून आलेली सीडी त्यांनी सकाळीच टाकली. जुनी विंडोज पुसून नवी चढवायची होती. अर्ध्याहून पुढं काम गेलं आणि पडद्यावर आलं, नेटवर्क कार्ड सापडत नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच अडलं.

शिपाई लोटूभाऊ चहा ठेवायला आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"काय म्हणतोय?"

"कार्ड ओळखत नाही. ते नसेल तर खंडव्याशी जोडणार कसं?"

लोटूभाऊ दाराकडे बघून हळूच म्हणाले, "मॅडम, राहू द्या ना मग. कार्ड खराब आहे, सांगून द्या. मार्चच्या आत जोडणी नाही झाली तर पुढच्या वर्षावर जाते म्हणे. नोकरी आहे तोवर माझ्या पोरीचं लग्न तरी निघून जाईल."

आपल्याला वाईट वाटायला हवं, असं कोकिळाताईंच्या मनात आलं. पण आत काही हललंच नाही. विलीनीकरणाची बातमी आली त्या दिवसापासून हे असंच होतं. जेवण जायचं, झोप लागायची, चव तेवढी कशाला नव्हती.

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. कार्ड काढलं, त्याच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवला, शेजारच्या खाचेत बसवलं. वायर लावली तर मागचा हिरवा दिवा लागला. म्हणजे कार्ड जिवंत होतं, नव्या विंडोजलाच त्याची ओळख नव्हती. ओळख करून देणारा ड्रायव्हर हवा होता आणि तो सीडीत नव्हता. त्यांनी चष्मा वर सरकवून चिपवरचा बारीक नंबर वाचला, हातावर पेननं लिहिला आणि सिंधीपुऱ्यातल्या सायबर कॅफेत गेल्या.

नेट हळू होतं. शेजारच्या गल्लीतले माग खडखडत होते. पेन ड्राइव्हवर फाइल उतरेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या. मिळालं नाही म्हणून परत जाता आलं असतं. विचारणारं कोणी नव्हतं. फाइल उतरली, त्यांनी पैसे दिले आणि त्या निघाल्या.

तो ड्रायव्हर चालला नाही. जुन्या विंडोजचा निघाला. त्या पुन्हा सिंधीपुऱ्यात गेल्या.

दुसरा चालला. त्यांनी खंडव्याला फोन लावला. तिथले नंदकुमार सर उत्साहात होते.

"हां मॅडम, आलं! बुऱ्हाणपूर दिसतंय. शाबास! आम्हाला वाटलं, तुमच्याकडे माणूस पाठवावा लागेल."

"नाही लागणार," कोकिळाताई म्हणाल्या.

खाती तिकडे जाऊ लागली. पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. व्यवस्थापक यादवभाऊ येऊन मागे उभे राहिले आणि परत आपल्या खोलीत गेले. लोटूभाऊ दारात होते.

"जोडलं तुम्ही?"

"हो."

"मी सांगितलं होतं ना."

"हो, सांगितलं होतं."

ते कप न उचलताच गेले.

घरी दत्तात्रयरावांनी, कोकिळाताईंच्या नवऱ्यानं, विचारलं, "काय झालं आज?"

"जोडलं."

"मग आता?"

"आता काय! बंद होईल."

ते शिक्षक होते, समजूत घालायची त्यांना सवय होती. पण बायकोचा चेहरा पाहून त्यांनी नुसती भाकरी वाढली.

शाखा एप्रिलमध्ये बंद झाली. नंदकुमार सरांनी कोकिळाताईंना खंडव्याला बोलावून घेतलं. त्या रोज रेल्वेनं जाऊ-येऊ लागल्या. लोटूभाऊंना कोणी बोलावलं नाही. मुलीचं लग्न त्यांनी जसोंडी गावात, भावाच्या दारात उरकलं. कोकिळाताईंना बोलावणं नव्हतं. पुढे ते केळीच्या एका व्यापाऱ्याकडे गाड्या भरून घ्यायच्या कामाला लागले.

एकदा स्टेशनच्या रस्त्यावर दोघं समोरासमोर आले.

"काय मॅडम."

"काय लोटूभाऊ. बरंय ना?"

"बरंय."

केळीचा ट्रक उलटा मागे येत होता, म्हणून दोघं भिंतीला लागून उभे राहिले. ट्रक वळल्यावर लोटूभाऊ त्याच्याकडे गेले आणि कोकिळाताई गाडी पकडायला निघाल्या.