उंदरांचं औषध आणि अप्पांची बोटं

आमचे अप्पा, म्हणजे वडील, मुरुडच्या बैलबाजारातले दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत; दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भाव चारचौघांत फुटत नाही. अशा माणसाला लकवा मारला आणि नेमका उजवा हात लुळा पडला. जीभ थोडी जड झाली, पण शिव्या शाबूत. "जीभ गेली असती तं चाललं असतं," असं म्हणून दिवसभर माझ्यावर करवादायचे. मीही त्यांचीच लेक, ऐकून घेते होय!

लातूरला तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना पिडलं, नवं काही निघालंय का? त्यांनी बिचाऱ्यांनी चित्र काढून समजावलं. रक्त न पोचल्यानं मेंदूचा जो भाग मरतो, तिथं पोकळी उरते. त्या पोकळीत सुईनं पातळ जेल सोडायचं. ते आत जाऊन घट्ट होतं, आणि त्यातलं औषध हळूहळू झिरपत आजूबाजूचा मेंदू सावरायला मदत करतं.

"पण हे अजून प्रयोगशाळेत आहे," ते म्हणाले. "उंदरांवर."

झालं! अप्पांचं टाळकं सरकलं. "उंदरावर? त्येला कोन्चा सौदा करायचाय?"

डॉक्टर हसू दाबत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना एसटीत पुन्हा तेच. "मान्साला कवा मिळंल?"

"मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर हाय?" मी खेकसले, आणि लगेच वाईट वाटलं. खरं तर मी घाबरले होते. हात परत आला नाही तर अप्पा बाजारात पाऊल टाकणार नव्हते, आणि बाजाराशिवाय अप्पा मला बघवले नसते.

त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा रुमाल ओढून माझ्या हातावर टाकला. मग त्याच हातानं उजवा हात उचलून त्याखाली सरकवला. सवयच ती, लुळा असला तरी सौद्याला तोच.

"तोंडानं नगं. हितं सांग, किती वर्सं?"

मी त्यांची पाचही बोटं दाबली.

"लई झाली. आकडा खाली उतरव."

तेवढ्यात माझ्या तळव्यात काहीतरी वळवळलं. त्यांची करंगळी! दाबली वगैरे नाही, नुसती हलली. पण हलली.

"अगं बाई! अप्पा, हाललं!" मी एवढ्यानं ओरडले की अख्खी एसटी मागं वळून बघायला लागली.

अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण रुमाल काही त्यांनी काढू दिला नाही.

"वरडू नगंस," ते म्हणाले, "भाव फुटंल."