'माहीत नाही'च्या ताटातलं पाणी

शैलजा गेली.

आज पहाटे, झोपेतच. तिच्या धाकट्या भावाने, अनिलने, फोन करून सांगितलं. हार्ट अटॅक, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय.

ड्रमचा याच्याशी काही संबंध नाही. हे आधीच लिहितो, कारण वाडीत सकाळपासून तीच कुजबुज सुरू आहे.

आम्ही डीएडला एका वर्गात होतो. मी पुढे पेपरात गेलो, ती शिक्षिका झाली. माहेर लोणावळ्याचं, सासर सुदुंबऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीत, आणि शाळाही त्याच वाडीतली. वाडीचं नाव लिहीत नाही. असे ड्रम एकाच वाडीत नाहीत.

सहावी-सातवीला ती विज्ञान शिकवायची. पुस्तक मिटून.

जमिनीवर तीन ताटं मांडायची. एक शुद्ध पदार्थांचं, एक मिश्रणांचं. तांब्याची तार, साखर, वाळू, सरबत, कापूर. पोरांनी एकेक वस्तू उचलायची, ताटात ठेवायची आणि कारण सांगायचं.

एकदा मी वर्गात मागे बसलो होतो. तिने माहेराहून आणलेली चिक्की पुढे केली.

"मॅडम, ह्ये मिश्रण हाय."

"कशावरून?"

"दाणा येगळा काढता येतोय."

"काढून दाखव."

पोराने दाणा काढला आणि थेट तोंडात टाकला.

"अरे, पुरावा खाल्लास की!"

सगळा वर्ग हसला. ती सगळ्यात जास्त.

तिसरं ताट 'माहीत नाही'चं. त्यातल्या वस्तूला वेगळा नियम. वास घ्यायचा नाही, चव घ्यायची नाही, बोट लावायचं नाही. आधी कळू दे.

गेल्या महिन्यात तिने पोरांना घरचं पिण्याचं पाणी बाटलीत आणायला सांगितलं. प्रत्येकाचं थोडं पाणी स्टीलच्या वाटीत घेऊन आटवायचं. पाणी उडून जातं, तळाशी क्षारांचं पांढरं कडं उरतं. म्हणजे नळाचं पाणीसुद्धा मिश्रणच. धडा एवढाच.

गौरी नावाच्या मुलीची बाटली हलवली तर फेस आला. तो बसेना.

तिच्या वाटीत पाणी आटल्यावर खाली पिवळट, चिकट काहीतरी उरलं.

"गौरी, हे पाणी कशातलं गं?"

"ड्रममधलं, मॅडम. निळ्या. पप्पांनी भंगारवाल्याकडनं आणलाय. लय मजबूत हाय."

शैलजाने ती वाटी उचलून तिसऱ्या ताटात ठेवली.

हा ड्रम आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. कारखान्यात केमिकल भरून येतो, रिकामा झाला की भंगारात जातो, तिथून घरात. लेबल खरवडायचं, साबणाने दोनदा धुवायचा, झाली पाण्याची टाकी. मांडववाल्यांकडे हेच ड्रम. लग्नात हेच, बारशाला हेच.

तिच्या स्वतःच्या मोरीतही एक होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आणलेला. पहिला तोच तिने रिकामा केला.

आबा भडकले. "वर्सानुवर्सं पितोय आमी. मेलं का कोन?"

"आबा, विष आहे असं मी म्हणत नाही. काय आहे ते मला माहीत नाही, एवढंच म्हणते."

"म्हाईत न्हाई, तर मग बोलतीस कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच."

मग ती दारोदार गेली. लोक तिला ड्रमबाई म्हणू लागले. "मॅडम, मग पाणी काय वंजळीत साठवायचं व्हय?"

गौरीच्या घरच्यांनी मात्र ऐकलं. ड्रम स्वयंपाकघरातून काढला आणि गोठ्यात नेऊन ठेवला.

म्हशीने त्यात तोंड घातलं नाही.

हे सांगताना फोनवर शैलजाचा आवाज खाली गेला होता. "अरे, म्हैस डबक्यातलं पिते. यातलं पीत नाही. आणि शेजारच्या घरी त्याच भंगारवाल्याच्या ड्रममधून बाळाची बाटली भरतात."

मागच्या आठवड्यात तिने पाण्याचे नमुने पुण्यातल्या एका लॅबमध्ये दिले.

"रिपोर्ट येऊ दे, मग बातमी कर. आधी केलीस तर लोक दोन दिवस घाबरतील आणि पुन्हा कधीच ऐकणार नाहीत."

रिपोर्ट अजून आलेला नाही.

आज दुपारी वाडीत पोहोचलो. दारात मांडव घातला होता. मांडवाच्या कडेला ओळीने निळे ड्रम. टँकरच्या पाण्याने काठोकाठ भरलेले.

अनिल हळूच म्हणाला, "दादा, मी सांगून पाहिलं. म्हणाले, आज नको तो विषय."

शाळेची पोरं उन्हातून चालत आली होती. त्यांच्यासाठी त्याने तळेगावहून जार मागवले. मोठी माणसं ड्रममधूनच प्यायली.

आबा खुर्चीवर बसले होते. कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग वाकून खुर्चीखाली ठेवला. भरलेलाच.

मी म्हणालो, "आबा, जारमधलं आणू?"

"नगं." मग मांडवाकडे बघत म्हणाले, "दारात आल्याली मानसं हायती. त्यास्नी कसं म्हनू, पिऊ नका म्हनून?"



पुढच्या आठवड्यात दशक्रिया आहे. विधी नदीच्या घाटावर, पंगत घरी. मांडववाल्याने आज ड्रम परत नेले नाहीत, पंगतीला लागतील म्हणून तिथेच ठेवलेत. लॅबवाल्यांनी रिपोर्टही पुढच्याच आठवड्यात येईल असं तिला सांगितलं होतं. आधी काय होईल, कुणालाच माहीत नाही.

शैलजा, नीट जा.

दशक्रियेला येणाऱ्यांनी प्यायचं पाणी घरून आणावं. लहान मुलं सोबत असतील तर नक्की.