पिवळ्या दोऱ्याचा टॉप

पोलादपूरहून मुंबईच्या विमानतळाकडे निघाले तेव्हा भाड्याच्या ट्रॅक्समध्ये माझ्याशिवाय आखातात जाणारे आणखी दोघे होते. ड्रायव्हरने बॅगा टपावर बांधल्या, अण्णा पुढे बसले आणि आईने खिडकीतून कुळथाच्या पिठाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. अठ्ठ्याण्णव सालचा मार्च होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि विनायकने शारजाहून माझा व्हिसा पाठवला होता. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिथे जरा एका जागी बसायला शीक. तुझ्या पायाला भिंगरी आहे."

होतीच. मी महाडच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका होते. सकाळी एसटीने महाड, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी परत येताना बाजार, मैत्रीण, कुणाचं तरी काम. घरी फक्त जेवायला आणि झोपायला. अशा मुलीला सहाव्या मजल्यावरच्या एका छोट्या घरात नेऊन ठेवलं, जिथल्या खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण एसी चालू असतो.

विनायक एसी दुरुस्तीच्याच कामावर होता. उजाडायच्या आत कंपनीची गाडी त्याला न्यायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची. माणूस चांगला. दमलेला असला तरी माझ्या हातचं जेवण नावाजून जेवायचा. पण माझ्या व्हिशावर नोकरी करता येत नव्हती आणि दिवस संपता संपत नव्हता. मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फिरत राहायचे. एकदा विनायक म्हणाला, तुला इथे काय कमी आहे ते तरी सांग. मला सांगता आलं नाही, म्हणून मी भांडले.

नसरीनआपा मला लिफ्टमध्ये भेटली. बुरख्यातली बाई, हाताशी शाळेतून आणलेली मुलगी, आणि ती तिला दटावत होती, "नाय म्हटलं ना तुला? घरी जाऊन जेव आधी." मी दचकलेच. विचारलं, कुठल्या तुम्ही? ती म्हणाली, महाडची, सव गावाजवळची. मी पोलादपूरची म्हटल्यावर तिने लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं आणि मला आमच्या खालच्या, तिच्या मजल्यावरच उतरवून घेतलं. महाडात आम्ही अनेकदा एकाच स्टँडवर उभ्या राहिलो असणार. तिथे एकमेकींच्या घरात पाऊल टाकलं नसतं.

तिच्या घरात सगळीकडे क्रोशाचं काम होतं. रुमाल, टीव्हीवरचं आच्छादन, मुलीचे फ्रॉक. आमच्याकडेही आई दारासाठी तोरणं विणायची, पण मी कधी सुई हातात धरली नव्हती. मला रुमाल करायचा नव्हता. खालच्या दुकानात काम करणाऱ्या फिलिपिनो मुलीच्या अंगात मी एक टॉप पाहिला होता, उन्हाळ्यासाठी विणलेला, बिनबाह्यांचा, कमरेला नेमका बसलेला. ती त्यावर शर्ट घालून यायची आणि गोदामात गेली की शर्ट काढून ठेवायची. मला तसा हवा होता. नसरीनआपा हसली. पहिल्यांदा सुई धरणारी बाई रुमालापासून सुरुवात करते, म्हणाली. मी ऐकलं नाही. फिकट पिवळा सुती दोरा घेऊन आले.

पुढचा आणि मागचा असे दोन भाग वेगळे विणायचे आणि बाजूने जोडायचे, असं ठरलं. आधी साखळी, मग तिच्यावर खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या ओळी. ऐकायला सोपं होतं. मी प्रत्येक ओळीच्या शेवटचा टाका विसरत होते आणि ते मला कळतही नव्हतं. वीतभर विणून झाल्यावर तुकडा वर निमुळता झालेला दिसला. नसरीनआपाने तो उचलून धरला आणि शांतपणे विचारलं, "हा टॉप हाय का पताका?" सगळा उसवला. दुसऱ्या खेपेला टाके मोजले, पण दोरा इतका ओढून विणला की सुई आत शिरेना. बोटाला वळ उठले. तिने माझ्या हातातून काम काढून घेतलं आणि म्हणाली, "दोऱ्यानं तुझं काय वाईट केलंय गो? सैल धर त्याला."

मला सैल धरता येत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. तरी रोज दुपारी मी खाली जायचे. ती मुलीला झोपवून यायची, मग आम्ही दोघी जमिनीवर पाय पसरून बसायचो.

कमरेशी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. दोन्ही कडांना टाके कमी करत जायचं, मग छातीकडे जाताना पुन्हा वाढवायचे, तेव्हा कुठे टॉप अंगाला बसणार. त्यासाठी माप हवं होतं. माझं माप मला माहीतच नव्हतं. महाडच्या शिंप्याकडे आम्ही मापाचा ब्लाउज द्यायचो, आणि तो ब्लाउजही मुळात आईच्या अंदाजाने शिवलेला. नसरीनआपाने टेप दिली. मी पोट आत ओढून कंबर मोजली तर ती म्हणाली, "श्वास सोड. दिवसभर असं पोट ओढून फिरनार हाईस काय?" मी श्वास सोडला आणि का कोण जाणे, रडायला लागले. तिने विचारलं नाही. मीच सांगितलं की मे महिन्यात मी घरी जाणार आहे आणि परत येणार नाही. विनायकला सुट्टीपुरती जाते असं सांगितलं होतं. अण्णांनी शाळेत शब्द टाकला होता, जूनपासून जागा होती. नसरीनआपाने टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, जायच्या आधी हे पुरं कर, अर्धवट नेऊ नको.

टॉप पुरा झाला. डावी शिवण थोडी तिरकी होती, खांद्याचा एक पट्टा दुसऱ्याहून लांब. पण कमरेत बसला होता. संध्याकाळी मी तो घालून दार उघडलं. विनायकने विचारलं, कुठून घेतलास? मी विणला म्हटल्यावर तो हातातला डबाही खाली न ठेवता बघत राहिला. आल्यापासून मी त्याला काही दाखवलं नव्हतं. जेवण झाल्यावर म्हणाला, "हे कसं होतं ते मला दाखव." उरलेल्या दोऱ्यावर मी त्याला साखळी घालून दाखवली. कॉम्प्रेसर उघडणाऱ्या त्या बोटांनी चार टाके घातले, सगळे वेडेवाकडे. दोघंही हसलो. तरीही मी जायचं ठरवलंच होतं.

पोलादपूरला मे महिन्याचा उकाडा होता. एका दुपारी मी घरात टॉप आणि परकर घालून वावरले. आईने कापड चिमटीत धरलं, आतली बाजू उलटून शिवण पाहिली आणि म्हणाली, "हे सगळं तू केलंस? एका जागी बसून?" तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, तेव्हा तिने माझ्या खांद्यावर ओढणी टाकली. शारजात तो बाहेर घालता येत नव्हता, इथेही नाही. मला वाटलं होतं घरी आल्यावर आतली वणवण थांबेल. ती थांबली नाही. महाडला शाळेत जाऊन आले, मुख्याध्यापक चांगलं बोलले, आणि परतीच्या एसटीत मी आता विनायक जेवला असेल का, याचा हिशेब करत होते.

नसरीनआपाने आपल्या आईसाठी खजूर, बाम आणि दोन गाऊन दिले होते. ते घेऊन मी सवच्या बाजूला तिच्या माहेरी गेले. म्हातारीने मला ओट्यावर बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं आणि मी खात असताना समोर बसून राहिली. लेक जाड झाली का, नातीला मराठी येतं का, असं एकेक विचारत गेली. मी सगळं सांगत होते. मग तिने आवाज उतरवून विचारलं, "ती तिथं बोलते कुनाशी?"

मी म्हटलं, "माझ्याशी."

म्हातारी हलकेच हसली. ताटात आणखी कालवण वाढत म्हणाली, "मग तू परत कदी जानार?"

"शाळा सुरू व्हायच्या आत," मी म्हटलं.

बोलून गेले आणि घास तसाच हातात राहिला. जे मी आईला, अण्णांना, स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी बाईला सांगून मोकळी झाले होते. संध्याकाळी अण्णांना म्हटलं की शाळेला नाही म्हणून कळवा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. म्हणाले, "तुझं तिकीट परतीचंच होतं, मी पाहिलं होतं."

मी परत गेले. सुखात गेले असं म्हणणार नाही. पुढची वर्षंही येरझाऱ्यांचीच होती, फक्त आता खाली जायला एक घर होतं, आणि रात्री विनायकशी बोलायला विषय. दोन हजार पाचच्या सुमारास नसरीनआपाच्या नवऱ्याची नोकरी सुटली आणि ती आधी परतली. महाडला दोन खोल्या घेतल्या. मी मागे राहिले, आता आमचा मुलगाही इथला, शारजाचाच झालाय.

तुमच्यातले जे गावाकडेच राहिले ते मला भेटल्यावर आधी कधी आलीस विचारतात आणि लगेच कधी जाणार. राग नाही, मीही तेच विचारलं असतं. आणि जे माझ्यासारखे निघाले, त्यांना ठाऊक आहे की दोन्ही प्रश्नांची उत्तरं देताना आपण जिथे उभे असतो तिथे पुरते नसतोच. शारजाच्या घरात मला पोलादपूरची घाई असते, पोलादपूरला गेल्यावर चौथ्या दिवशी बॅगेकडे लक्ष जातं.

पण दर खेपेला मी आधी महाडला उतरते. नसरीनआपा चहा टाकते, तिच्याकडच्या पंख्याखाली मी जमिनीवर पाय पसरते. ती विचारत नाही काहीच. स्टँड जवळ आहे, पोलादपूरच्या गाडीची घोषणा तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. आई वाट बघत असते, हे मला माहीत असतं. तरी मी ती गाडी जाऊ देते.

एरवी प्रत्येक गाडीमागे धावणारी मी, तेवढीच एक गाडी जाऊ देते.