मातृसमान भगिनी

मी ख्रिस्ती झाले ती नवऱ्यामुळे, असं माझ्या माहेरी आजही समजतात. सासरीही तसंच समजतात. दोन्हीकडचं चुकीचं आहे. मी ख्रिस्ती झाले ती माझ्या आत्यामुळे, आणि आत्या तर शेवटपर्यंत रोज सकाळी महादेवाला पाणी घालत होती.

आमचं गाव अल्लीपूर. घरी शेती, कापूस आणि तूर. आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमचीच. आई दिवसभर वावरात असायची, त्यामुळे मला आंघोळ घालणं, वेणी घालणं, तापात उशाशी बसणं, सगळं आत्यानं केलं. मला बरेच दिवस वाटायचं, की प्रत्येक घरात एक आई असते आणि एक आत्या असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाचे लाडू आत्याच वळायची. पण बाया यायला लागल्या की ती हात धुऊन मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिला कोणी जा म्हणायचं नाही. सांगायची वेळच ती येऊ द्यायची नाही. एकदा मी तिचा हात धरून तिला ओढत बैठकीत आणलं. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही, आत्याकडे पाहिलं. आत्या हसली आणि म्हणाली, "पोरगी येडी हाये," आणि परत आत गेली.

पुढे शिकायला वर्ध्याला आले. बी.एड.ला असताना वर्गातल्या एका मुलाशी ओळख झाली. तो ख्रिस्ती. एका रविवारी सहज म्हणून त्याच्याबरोबर उपासनेला गेले. तिथे पिवळी साडी नेसलेल्या एक बाई उठून पुढे गेल्या, त्यांनी शास्त्रपाठ वाचला, मग प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळ्यांच्या ओळीत गुडघे टेकून बसल्या. त्यांच्या गळ्यात काही नव्हतं. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "त्या विधवा आहेत ना?"

"हो. का?" तो म्हणाला.

त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. मी त्या "का?"वर भाळले. त्या मुलावर नंतर.

त्या चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे होते. बाप्तिस्म्याआधी त्यांनी मला बरेच महिने शिकवलं. देवानं पुरुष आणि स्त्री दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचं केलं, उजवं-डावं केलं नाही, असं ते सांगत. येशूची रिकामी कबर आधी बायांना दिसली आणि ती बातमी त्यांनीच पुरुषांना सांगितली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. एकदा म्हणाले, "बाई, तू कोणाची बायको होशील, कोणाची आई होशील, ते सगळं नंतर. आधी तू देवाची लेक." मी खोलीवर जाऊन रडले होते. असं मला आधी कोणीच म्हटलं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा व्हायचं तेच झालं. वडील उठून बाहेर गेले आणि पुढे कित्येक वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. आई रडत राहिली. आत्यानं मला मागच्या खोलीत नेलं.

"तिथं बाईचं कपाळ पाहून तिले वागवत नाई, हे खरं हाये काय?"

"खरं आहे आत्या. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तं मंग जाय," ती म्हणाली. "एक तरी सुटते."

मी तिला खोटं सांगितलं नव्हतं. मी जे पाहिलं तेच सांगितलं. फक्त सगळं पाहिलं नव्हतं.

लग्न झालं. वर्ध्यातच शाळेत नोकरी लागली. रविवारी मी लहान मुलांना प्रार्थना, गाणी शिकवायचा शब्बाथ शाळेचा वर्ग घ्यायला लागले. मला मूल झालं नाही. वर्ध्याचे, नागपूरचे डॉक्टर झाले. तपासण्या माझ्या झाल्या, नवऱ्यानं एकही करून घेतली नाही. दत्तक घेण्याचा विषय मी एकदा काढला. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं रक्त, कुणाला माहीत." नवरा पेपर वाचत होता, वाचत राहिला.

भगिनी मंडळाची प्रार्थना दर बुधवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी असायची. तिथे माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना व्हायची. "प्रभू, हिची कूस उघड." मी समोर बसलेली असायची, डोळे मिटून, आणि सगळ्या बाया माझ्या पोटाबद्दल देवाशी बोलायच्या. कोणाच्या मुलाला नोकरी लागावी, कोणाच्या सुनेचं वागणं सुधारावं, आणि मग मी. शास्त्रातल्या वांझ बाया मला तोंडपाठ झाल्या. ज्यांच्या गोष्टी आम्हाला सांगितल्या जात, त्या सगळ्यांना शेवटी मुलगाच व्हायचा. मूल न होता म्हातारी झाली आणि तरी देवाची लाडकी राहिली, अशी एकही गोष्ट कोणी सांगितली नाही.

एकदा नागपूरहून एक उपदेशक भगिनी आल्या. विषय होता ख्रिस्ती स्त्रीचा आदर्श. नम्रता, मौन, नवऱ्याच्या अधीन राहणं, आणि सगळ्यांवर मातृत्वाचा मुकुट. बायबलमधल्या एका पत्रात प्रेषितानं लिहिलंय की बाळंतपणातून बाईचं तारण होईल, तेही त्यांनी सांगितलं. मी हात वर केला.

"मग माझं तारण कशानं?"

पाळकीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, सगळं शब्दशः घ्यायचं नसतं."

मी बरं म्हटलं. पण मौनाचं आम्ही शब्दशः घेत होतो. डोक्यावरच्या पदराचंही. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत एकही बाई नव्हती, तेही शब्दशःच होतं.

मे महिन्यात मातृदिनाचा रविवार असतो. हे आमच्याकडे आधी नव्हतं. म्हातारे पाळकसाहेब गेल्यानंतर जे नवे आले, त्यांनी सुरू केलं. पाळक म्हणतात, सर्व मातांनी उभं राहावं. बायांची बाजू उठते. त्या पुढे जातात, पाळक त्यांच्या मस्तकांवर हात ठेवून आशीर्वाद मागतात आणि छोट्या मुली तबकातून त्यांना गुलाब देतात. त्या मुली माझ्याच वर्गातल्या असतात. बाकांवर आम्ही उरतो. मी, दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, त्यांची लग्नं झाली नाहीत, आणि एखादी नवी नवरी. उरलेल्या आम्ही एकमेकींकडे पाहत नाही.

मी वर्षानुवर्षं तशी बसले. वाटायचं, एक दिवस आहे, जाईल.

मग एका उन्हाळ्यात आत्या माझ्याकडे आली. डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. तोवर वडील वारले होते, माहेरचं जाणं-येणं सुरू झालं होतं. ऑपरेशन नीट झालं. हिरवा चष्मा लावून ती माझ्या घरात भिंती धरून फिरायची आणि सगळ्या वस्तूंना हात लावून पाहायची. शनिवारी म्हणाली, "उद्या मले तुह्या देवळात ने. इतके वर्ष झाले, म्या पाह्यलंच नाई."

दुसऱ्या दिवशी कोणता रविवार आहे, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊ, ऊन फार आहे."

"पुढच्या रविवारी मी गावाले जाईन. ऊन काय मले नवं हाये?"

ती नऊवारी नेसली, डोक्यावर पदर घेतला. ऑटोतून उतरल्यावर लोक तिला "सलाम आजी" म्हणाले, तिनंही हात जोडून "सलाम, सलाम" केलं. मी तिला पुढच्या बाकावर बसवलं. एवढी मानाची जागा तिला कोणी आधी दिली नसावी. ती ताठ बसली होती. गाणी सुरू झाली तेव्हा मांडीवर बोटांनी ठेका धरत होती.

मग पाळकांनी मातांना उभं राहायला सांगितलं. बाया उठल्या, पुढे गेल्या. आत्यानं मला विचारलं, "काय करून राह्यल्या ह्या?" मी म्हटलं, "आशीर्वाद आहे." ती म्हणाली, "मंग आपुन?" मी तिचा पदर नीट केला.

समोर गुलाब वाटून झाल्यावर तबक घेतलेली एक लहान मुलगी परत फिरताना आमच्या बाकापाशी थांबली. म्हातारी बाई दिसली, तिनं गुलाब पुढे केला. "आजी, घ्या." आत्यानं हात लांब केला. एवढ्यात भगिनी मंडळाच्या चिटणीसबाई मागून आल्या आणि मला म्हणाल्या, हळूच, पण दोन बाकांना ऐकू जाईल इतक्या हळूच, "आजींना मुलं आहेत ना?"

उत्तर आत्यानंच दिलं. "मले नाई बाई. पण हे मीच वाढोली." तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

चिटणीसबाई हसल्या. "हो का? छान, छान. देव तुमचं भलं करो." आणि त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे नेलं. फुलं मोजकी आणली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आत्यानं हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. बाकीच्या उपासनेत तिनं ठेका धरला नाही.

ऑटोत तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "काऊन व, तुमच्यातही असंच असते?"

मी म्हटलं, "आत्या, पुस्तकात असं नाही."

"पुस्तकात तं आपल्याही नसन." ती म्हणाली. "तिकडं मले अंदर बसवत. इथं समोर बसोलं. तेवढा फरक हाये."

तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिनं नेहमीसारखा माझ्या ताटातला भात कालवून दिला आणि मी, पन्नाशीची बाई, तो खाल्ला.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "आपण पाळकांकडे जाऊ." तो म्हणाला, "एका फुलाचा एवढा काय इश्यू?" मी एकटी गेले. पाळकांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि पुढच्या वर्षी नक्की विचार करू म्हणाले. मग माझ्यासाठी प्रार्थना केली. प्रार्थनेत त्यांनी देवाला सांगितलं की या भगिनीच्या मनातली जखम भरून काढ. जखम कोणी केली ते सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात आत्या गेली. गावीच, झोपेत. आईनं मला सगळ्या विधींना बसू दिलं.

पुढच्या मे महिन्यात पाळकांनी दिलेला शब्द पाळला. मातांना गुलाब देऊन झाले, मग ते म्हणाले, "आता आपल्या मातृसमान भगिनींनीही पुढे यावं." त्यांच्यासाठी वेगळं तबक होतं. त्यात झेंडू होते. दोन्ही नर्सबाई उठल्या, जाऊन झेंडू घेऊन आल्या. मी बसून राहिले. पाळक झेंडू हातात धरून थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "या ना, बाई. तुमच्याच सूचनेवरून केलंय."

सगळी मंडळी वळून पाहायला लागली. मी जागेवरच उभी राहिले.

"पाळकसाहेब, मला फूल नको. याच ठिकाणी मला देवाची लेक म्हटलं होतं. लेक व्हायला बाईला काही करून दाखवावं लागत नाही. आईसारखी, बायकोसारखी, असं कोणासारखी तरी व्हावं लागत नाही. तेवढं जर इथे खरं नसेल तर मला सांगा."

त्यांनी पेटीकडे पाहून मान हलवली. पेटीवर बसलेल्या बाईंनी पुढचं गीत सुरू केलं आणि लोक उभे राहून गायला लागले. मी उभीच होते, त्यामुळे बाहेरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मीही गाते आहे.

घरी नवरा म्हणाला, "माझी मान खाली गेली." सासूबाई काही दिवस माझ्या हातचं पाणी न मागता स्वतः उठून घेत होत्या. आणि महिना व्हायच्या आत कमिटीचे एक गृहस्थ शाळेत येऊन भेटले. आता मला शब्बाथ शाळेतून आराम द्यावा असं ठरलं होतं. खूप वर्षं सेवा केली, असं म्हणाले. मी विचारलं, "कारण?" ते म्हणाले, "लहान मुलं आहेत, बाई. त्यांच्या मनात कटुता जाऊ नये."

त्या मंडळीतल्या अर्ध्या तरण्याताठ्या लोकांना पहिली प्रार्थना मी शिकवली आहे. त्यांच्यातल्या एकानंही मला फोन केला नाही. ज्या बायांना माझ्यासारखंच बसावं लागतं, त्यांनीही नाही. कदाचित त्यांनी तर नाहीच. मी जे मागितलं ते त्यांच्यासाठीही होतं, पण तबकातलं काही तरी त्यांच्या हाती लागलं होतं, आणि माझ्यामुळे ते जाईल अशी त्यांना भीती होती. मी त्यांना दोष देते. समजूतदारपणाचं वय झालं असलं तरी देते.

माझा विश्वास गेला का, असं माझ्या शाळेतली एक मैत्रीण विचारते. नाही गेला. गेला असता तर सोपं होतं. देवानं मला लेक म्हटलं, यावर माझा आजही विश्वास आहे, आणि म्हणूनच त्या लोकांचा इतका राग येतो. मी आता फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी जाते. शेवटच्या बाकावर बसते, भाकर घेते, कोणाशी न बोलता निघते.

मागच्या नाताळाच्या आधी पाळक आणि पाळकीणबाई घरी आले. मला वाटलं, बोलायला आले. पाळकीणबाई म्हणाल्या, "फराळाच्या स्टॉलसाठी तुमच्या हातच्या करंज्या हव्यात. तुमच्यासारख्या कोणाला जमत नाहीत." नवरा माझ्याआधीच हो म्हणाला. मी करंज्या केल्या. का केल्या ते मला नीट सांगता येत नाही. डबे भरून त्याच्याबरोबर पाठवले, स्वतः गेले नाही.

स्टॉलच्या दिवशी दुपारी तो रिकामे डबे घेऊन आला. खूश होता. "सगळ्या संपल्या. पाळकांनी सगळ्यांसमोर आभार मानले."

"कोणाचे?" मी विचारलं.

त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, पुढे "आणि कुटुंबीय" असं.

मी डबे घासायला घेतले.