गोजाबाईची शर्यतीची मोटार

रोज सकाळी चुलीत जाळ घालायच्या आधी गोजाबाई अंगणात जायची आणि आदल्या दिवशी रंगवलेल्या लाकडाला आपला उजवा गाल लावून बघायची. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. सारवणानं आणि पॉलिश कागदानं ती इतकी राठ झाली होती, की खडबडीत काय आणि गुळगुळीत काय, त्यांना सगळं सारखंच. गालाला मात्र बारीकसा कणही कळायचा. रोगण नीट वाळलेलं नसलं तर गालावर लाल नाही तर हिरवा डाग उमटे, आणि तो तसाच घेऊन ती पाण्याला जाई.

"गोजाबाई, मुका कुणी घेतला गं, नवऱ्यानं का गाड्यानं?" बायका विचारायच्या.

"गाड्यानं," ती म्हणायची. "नवऱ्याला येळ कुटाय?"

नवरा म्हणजे आबाजी सुतार. चऱ्होलीपासून चाकणच्या पलीकडच्या गावांपर्यंत, बैलगाड्यांच्या शर्यतीला पळणारा गाडा हवा तर आबाजीकडं जायचं, असं ठरून गेलेलं होतं. शर्यतीचा गाडा ओझ्याच्या गाडीसारखा नसतो. दोन माणसांनी सहज उचलावा इतका तो हलका लागतो आणि तरीही बैल उधळले तर मोडता कामा नये. आबाजीच्या हातात ते कसब होतं. तासून, जोडून तो गाडा उभा करायचा आणि मग पारावर जाऊन बसायचा. पुढचं सगळं गोजाबाईचं. भेगांत लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरणं, घासणं, रंगाचा एकेक हात देणं, पुन्हा घासणं. शेवटी गाड्याच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात नाव काढणं, तेही तिचंच. तिला वाचता येत नव्हतं. पण 'आबाजी सुतार, चऱ्होली' ही अक्षरं तिनं बावीस वर्षं वेलबुट्टीसारखी काढली होती, आणि ती काढताना तिचा हात कधी हलला नव्हता.

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या हिवाळ्यातली. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकताच उभा राहिला होता. तिथं गाडी चालवणारा आणि दुरुस्तही करणारा इकबाल एक दिवस सायकलला खोका बांधून आबाजीच्या दारात आला. कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना तो खोका इकबालला देऊन गेला होता. वर चित्र होतं एका लांबुळक्या मोटारीचं. टप नाही, दारं नाहीत, एकटा ड्रायव्हर आणि कडेला आकडा. आत लाकडाचा ओबडधोबड ठोकळा, रबरी चाकं, तारेचे आस, बोटाच्या पेराएवढं स्टिअरिंग आणि घडी घातलेला नकाशा.

"ही शर्यतीची मोटार हाय, मिस्त्री," इकबाल म्हणाला. "आपण बनवायची. सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या कॉलनीत प्रदर्शन हाय, हातानं बनवलेल्या वस्तूंचं. बक्षीस देणार हायेत. माझ्यानं हे व्हायचं न्हाई, तुमीच करा. नाव तुमचं, मला नुसतं बघाय मिळालं तरी बास."

आबाजीनं ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला. "बैल कुटं जुंपायचं हिला?"

"बैल नसत्यात मिस्त्री, इंजिन असतं."

"ते बी दिसंना मला."

"ही खोटी मोटार हाय. नुसती दिसाय पायजे."

"पळायचीच न्हाई, मग शर्यतीची कशी?" आबाजी म्हणाला. पण शर्यत या शब्दानं त्याला गुदगुल्या झाल्या होत्या. त्यानं पटाशी उचलली आणि वर हातोडी घातली, जसा तो बाभळीवर घालायचा. बाभळ नव्हतीच ती. बुचासारखं मऊ, पोकळ वाटावं असं लाकूड. एकाच ठोक्यात मोटारीचं नाक उभं चिरलं आणि तुकडा उडून कोंबडीच्या अंगावर पडला.

"हे लाकूड हाय का पाव?" आबाजीनं ठोकळा खोक्यात टाकला. "पोरखेळ हाय सगळा. घेऊन जा."

इकबाल तोंड पाडून निघाला. फाटकापाशी गोजाबाईनं त्याला थांबवलं. तिच्या मुठीत तो उडालेला तुकडा होता.

"खोका ठिवून जा," ती हळूच म्हणाली. "आणि तो नकाशा काय म्हणतो, ते तेवढं मला सांग."

त्यानंतर तीन आठवडे आबाजी दुपारी पारावर गेला, की गोजाबाई मोटार काढून बसायची. नकाशातली अक्षरं इकबालनं वाचून दाखवली होती. चित्रं तिची तिला कळली. पटाशीला तिनं हातच लावला नाही. काचेच्या तुकड्यानं तासलं, पॉलिश कागदानं घासलं. नाक सरसानं जोडून भेगेत लाकडाचा भुसा आणि लांबी मळून भरली. मग रंग. चित्रातली मोटार हिरवी होती. "हिरवी मोटार माळावर दिसंल का कुणाला?" असं म्हणून तिनं गाड्यासाठी आणलेलं मिरचीलाल रोगण घेतलं. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, वस्त्रगाळ राखेनं हलकेच घासायचा, मग दुसरा. असे नऊ हात. सकाळी मोटार तळहातावर घेऊन ती गालाशी न्यायची. इतक्या लहान वस्तूवर एवढा वेळ तिनं उभ्या जन्मात घालवला नव्हता, आणि त्याबद्दल तिला जराही लाज वाटत नव्हती.

शेवटी खोक्यातले, पाण्यात भिजवून चिकटवायचे आकडे लावले. हाताला सात आला, म्हणून सात. मोटार उन्हात ठेवली तर तिच्यात अंगणातला पपईचा बुंधा वाकडा होऊन दिसायला लागला.

आबाजीनं ती पाहिली, उचलून उन्हात फिरवून बघितली. मग मोटार उपरण्यात गुंडाळून थेट पारावर घेऊन गेला. संध्याकाळी पाण्याहून येताना गोजाबाईनं ऐकलं ते असं:

"आमी बनवली. लाकूड लई नाजूक, पण हात बसल्याला असला की हुतंय."

"बघा की, कुटं जोड म्हून दिसत न्हाई," कुणीतरी म्हणालं.

"जोड? आपल्या कामात?" आबाजी म्हणाला.

गोजाबाईनं डोक्यावरची घागर सावरली आणि ती घरी आली. बावीस वर्षं गाडे त्याच्या नावावर गेले, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. ते त्यानं खरंच तासलेले होते. पण या मोटारीवर त्याचा एकच ठोका पडला होता, आणि तो कुठं पडला हे तिला आणि कोंबडीला ठाऊक होतं. ही एवढी वीतभर वस्तू तिला स्वतःची म्हणून हवी होती. भाकरी थापताना तिला ते अगदी स्पष्ट कळलं.

प्रदर्शनासाठी वस्तू आदल्या दिवशी नोंदवायच्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी चाकणच्या पलीकडं यात्रेला आबाजीचा नवा गाडा पळणार होता. तो काही चुकवायचा नव्हता.

"तू जा इकबालसंगं," फेटा बांधता बांधता तो म्हणाला. "माझं नाव सांग, तितं लिवून घेतील."

"नाव सांगायचं व्हय?"

"मग काय, माझं नाव सांगायचं आणि गप घरी यायचं."

"बरं," गोजाबाई म्हणाली.

कॉलनीच्या हॉलमध्ये टेबलाशी कारखान्याचे टाइमकीपर लक्ष्मणराव बसले होते. समोर कोऱ्या पुठ्ठ्यांची चवड, हातात टाक. मोटार बघून ते अर्धवट उठलेच. "वा! कोणी केली?"

गोजाबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. "घरात झाली."

"ते झालं हो. नाव काय लिहू?"

"आता नाव कसं घ्यावं माणसानं?"

लक्ष्मणरावांनी टाक दौतीत बुडवला. मागं रांग लागली होती. "अहो बाई, मालकांचं नाव सांगा. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होत नाही."

"तुमच्यात हुत न्हाई. आमच्यात हुतंय."

"मग उखाण्यात घ्या."

"उखाणा लग्नघरात घेत्यात, हापिसात न्हाई." रांगेतल्या दोघीचौघी बायकांनी माना डोलावल्या.

लक्ष्मणराव इकबालकडं वळले. "तू तरी सांग, बाबा."

इकबालनं गोजाबाईकडं पाहिलं. ती छताकडं बघत होती. "मी लहानपणापास्नं मिस्त्रीच म्हणतो, साहेब," तो म्हणाला. "नाव काय कधी विचारलं न्हाई."

"निदान तुमचं नाव तरी सांगाल का?" लक्ष्मणराव घायकुतीला आले.

"ते का न्हाई सांगणार? गोजाबाई."

'गोजाबाई, चऱ्होली.' लक्ष्मणरावांनी लिहून शाई वाळू दिली, पुठ्ठा मोटारीपुढं उभा केला. गोजाबाई वाकून त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिच्या हाताला ठाऊक असलेलं आबाजीचं नाव त्यात नव्हतं. खालचं गावाचं नाव तेवढं तिनं ओळखलं.

"वरचं माझं हाय?" तिनं इकबालला विचारलं.

"तुमचंच, वहिनी."

"लई मोठं दिसतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबाजी यात्रेहून परस्पर प्रदर्शनाला आला. गाडा पहिला आला होता. मिशांवर गुलाल, गळ्यात हार. मोटारीभोवतीची गर्दी बाजूला सारून तो पुढं झाला आणि त्यानं पुठ्ठ्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"हे चुकलंय," तो लक्ष्मणरावांना म्हणाला. "मोटार माझी हाय. हिला म्या नाव सांगाय धाडलं हुतं."

"अवो, पर तुमचं नाव म्या कसं घेणार?" गोजाबाई खाली मान घालून म्हणाली. "बावीस वरसं घेतलं न्हाई."

लोक हसले. लक्ष्मणरावांनी पुठ्ठा उचलला आणि खोडायला टाक हातात घेतला. गोजाबाईनं लुगड्याचा काठ मुठीत धरला. आता मात्र तिला हसू येत नव्हतं.

परीक्षक म्हणून मुंबईहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. डोळ्याला भिंग लावून ते मघापासून मोटार न्याहाळत होते, शेजारी उभ्या गोजाबाईला विचारत होते. "जरा थांबा," ते म्हणाले. "मघाशी या बाई म्हणाल्या, मोटारीला एक जोड आहे. मला तो सापडत नाही. मिस्त्री, मोटार तुमची ना? मग दाखवा."

आबाजी वाकला. नाक फुटलं होतं एवढं त्याला पक्कं आठवत होतं. पण चीर कुठून कुठं गेली होती? त्यानं मोटार उजेडात धरली. लाल रंगात त्याच्याच मिशा तेवढ्या दिसल्या. त्यानं डाव्या अंगाला बोट ठेवलं.

"तितं न्हाई," गोजाबाई म्हणाली.

बोट उजवीकडं गेलं.

"जरा खाली. आणखी खाली. आता वर आला की."

"मग कुटाय?" आबाजी खेकसला.

गोजाबाईनं पुढं होऊन नाकावर नखानं टिचकी मारली. टक्. मग दोन बोटं सरकून आणखी एक. टप्. आवाज बदलला तिथं तिनं नख फिरवलं. "इथनं हितपतुर. वर नऊ हात रोगण हाय, दिसायचा न्हाई."

"आणि फुटलं कशानं?" परीक्षकांनी विचारलं.

आबाजीच्या मानेवरचा हार उगाचच खालीवर झाला. गोजाबाई बोलणार नाही हे त्याला दिसत होतं. ती पुन्हा छताकडं बघत होती. तिच्या ओठांचा एक कोपरा मात्र हलत होता.

"फोडलं म्या," शेवटी आबाजी म्हणाला. "पावावर हातोडी घातली." आणि मग त्याला स्वतःलाच इतकं हसू आलं, की मिशांवरचा गुलाल टेबलावर सांडला. "ऱ्हाऊ द्या ते नाव. बरोबर हाय."

मोटारीला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं काड्यापेटीच्या काड्यांच्या जहाजाला गेलं. पहिलं बक्षीस थर्मास होता आणि गोजाबाईचा डोळा त्यावर होता. दुसरं बक्षीस निघालं दाढीचं सामान: वस्तरा, ब्रश, वाटी आणि आरसा. बक्षीस घेणारी बाई असेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं ते खोक्यासकट घरी आणलं आणि फडताळात ठेवलं.

"मला दे की," आबाजी म्हणाला.

"मागून घ्या. माझं हाय."

आणि पुढं सव्वीस वर्षं आबाजीनं ते मागून घेतलं. सकाळी अंगणात बसायचं, तिला हाक मारायची, ती सामान आणून द्यायची, दाढी झाली की मोजून परत घ्यायची. गाडे पुढंही झाले. शर्यती कधी भरल्या, कधी राहिल्या. मोटार इकबालच्या मुलीच्या घरी काचेच्या कपाटात गेली. पण आरसा फुटल्यावर दुसरा आणला गेला तोही गोजाबाईच्या मालकीचा, आणि वस्तऱ्याला धार लावायची तीही तिला विचारून.

शेवटच्या वर्षी तिला उठवत नव्हतं. फडताळाची किल्ली मात्र उशाखाली होती. एका सकाळी आबाजीनं ती मागितली, तिनं दिली. तो खाटेशेजारीच बसून दाढी करत होता. गोजाबाई कुशीवर वळून त्याच्याकडं बघत होती.

"कानाखाली ऱ्हायलंय बघा," ती म्हणाली.