खाजणातली तांबडी मोरस

“भुई खारावली म्हणून टाकून द्यायला ती काय तुमची बायको हाय?” कोलशेतची बायजा एकदा भावाच्या ओटीवर, खाजणाच्या सगळ्या खातेदारांसमोर म्हणाली. तिला नवऱ्याने टाकले होते. त्यामुळे कुणी हसले नाही.

ती माहेरी परतली तेव्हा बापाने तिला खाजणात एक तुकडा दिला होता. बांध घालून खाडीकडून हिसकावलेली ती जमीन. बांध सगळ्यांचा, पाणी आतबाहेर सोडणारी लाकडी उघाडीही सगळ्यांची. पावसाने मीठ धुतले तर भात, नाहीतर काही नाही.

देशावर दुष्काळ पडला त्या साली साष्टी बेटावरही पाऊस अर्ध्यातून परतला. येऊरच्या डोंगरावर ऐनाच्या झाडांनी दिवाळीआधीच पाने टाकली. खाजणात भाताच्या जागी मोरस उगवली, बुटकी, मांसल, मीठ पिऊन तांबडी झालेली. पुढच्या साली पाऊस वाटेतच रेंगाळला आणि ती बांधापासून बांधापर्यंत पसरली. दुरून जमीन सोलून काढल्यासारखी दिसे. पुरुष तिकडे बघेनासे झाले. बायजा मोरस खुडून आणी, उकडून खारे पाणी फेकी आणि भाजी करी. शेतानं दिलं ते खावं, म्हणे.

अशा कोरड्या सालात मीठ मात्र झकास पिकते. म्हणून तिचा भाऊ काळुराम याने सगळ्यांना जमवले. उघाडी काढायची, भरती आत घ्यायची, खाजणाचे मिठागर करायचे. रीत अशी की प्रत्येक खातेदाराने ताटातली आपल्या होकाराची सुपारी उचलल्याशिवाय उघाडीला हात लावायचा नाही.

ताटात एकच सुपारी उरली.

काळुराम म्हणाला, आभाळच पालटलंय, जुना पाऊस आता विसरा. बायजाने सांगितले की तिच्या लहानपणीही मोरस अशीच माजली होती. बाप पावसाची वाट बघत थांबला. चांगल्या पावसाने ती धुऊन नेली.

“आनि नाय आला पाऊस तर?” शेजारच्या नाथाने विचारले.

“तर मोरस खाईन. तुझ्या दारात नाय येनार.”

नाथासकट सगळे हसले. काळुराम हसला नाही.

“सुपारी उचल, बायजे. नायतर या घरातली भाकरी विसर.”

तेव्हा ती बायकोबद्दलचे ते वाक्य बोलली आणि आत गेली. चुलीवरच्या आढ्याला बियाण्याचा, पेंढ्याने बांधलेला मुडा टांगलेला होता, धुराने काळा पडलेला. तो तिने उतरवला, डोक्यावर घेतला आणि बाहेर आली. माणसांनी पाय आखडून वाट दिली. ताटातली सुपारी तशीच राहिली. बायजा ओटी उतरून बांधाच्या वाटेने चालू लागली.